तपकिरी बाटलीतलं प्लॅटिनम

डिचोलीच्या बाजारात आमचं औषधांचं दुकान होतं तेव्हा अर्धा तालुका मला 'गुळयांची बाय', म्हणजे गोळ्यांची बाई, म्हणायचा. पाटीवर नाव यजमानांचं, परवाना त्यांचा, शिक्षण त्यांचं. मी लग्न होऊन आले ती सातवी शिकून. पण काउंटरवर उभं राहायचं तर डोळे मिटून कसं राहणार? खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद असतो ना, मुंगीएवढ्या अक्षरांचा, जो गिऱ्हाईक सगळ्यात आधी फेकून देतं, तो मी वाचायला घेतला. इंग्रजी अडायचं, मग ह्यांना विचारायचं. हे जेवता जेवता उत्तर द्यायचे आणि वर म्हणायचे, "आमटीत मीठ कमी आहे. त्याचा कागद नाही का आला खोक्यात?" असं करत करत शिकले.

बाहेरच्यांना वाटतं, फळीवरून डबी काढली, हातात दिली, झालं काम. तसं नाही हो. भाजीवालीचं वांगं किडकं निघालं तर दुसऱ्या दिवशी भांडण होतं आणि दुसरं वांगं मिळतं. आमच्याकडून गेलेली वस्तू एकदा माणसाच्या शिरेत गेली की परत मागता येत नाही. म्हणून औषधवाल्याच्या पोटात कायम एक खडा असतो. दुकान बंद करून घरी यावं, ताटात पेज घ्यावी, की तो खडा हलतो. मघाशी त्या बापड्याला मोठ्यांच्या गोळ्या दिल्या की पोरांच्या? पेज टाकून, चावी घेऊन, पुन्हा दुकान उघडून फळी बघितलेली आहे मी. सगळं बरोबरच असायचं. पण बघितल्याशिवाय घास उतरायचा नाही.

आणि गिऱ्हाइकं तरी कशी! औषध ओळखायचं ते रंगावरून. खाणीवर यंत्र चालवणारा एकजण दर महिन्याला यायचा आणि ओरडायचा, "बाय, माका तां तांबडां इंजेक्शन दी. ताकद येता." त्याचा चेहरा मात्र पांढरा-फटक. मी म्हणायची, "अरे, लोखंडाच्या खाणीत दिवसभर उभा राहतोस आणि तुझ्याच अंगात लोह नाही? खाणवाल्याला कळलं तर काढून टाकील तुला." तो हसायचा. मग मी त्याला समजावायची की तांबड्या इंजेक्शनात कोबाल्ट नावाचा धातू असतो. तो मधोमध बसलेला आणि बाकीची मंडळी भोवतीने त्याला धरून. रक्तातलं लोहसुद्धा असंच मधोमध बसतं. नुसता खिळा गिळून रक्त वाढत नाही.

हे सगळं मला कळलेलं आहे असं मला वाटायचं. भोवती कोण बसलंय एवढंच नाही, कोण कुणाच्या शेजारी बसलंय त्यावरही माणसाचा जीव असतो, हे कळलं ते उमेशच्या वेळी.

उमेश हरमलचा. खनिजाचा ट्रक चालवायचा, डिचोलीत चार ड्रायव्हरांबरोबर खोली घेऊन राहायचा. पंचविशीचा, उंच, बोलायला गोड. काही महिने तो माझ्याकडून कंबरदुखीच्या गोळ्या नेत होता. ट्रकवाल्यांची कंबर दुखतेच, मला काही वेगळं वाटलं नाही. एक दिवस तो आला, पैसे काढले, आणि औषधाचं नावच घेईना. दुकानातल्या बायका जाईपर्यंत मलम चाळत उभा राहिला. मग ह्यांना बाजूला घेऊन हळूच काहीतरी बोलला. हे त्याला घेऊन तडक डॉक्टरकडे गेले. पुरुषाच्या नाजूक जागी गाठ होती आणि ती त्याने लाजेपायी कुणाला सांगितली नव्हती. आतून ती पाठीपर्यंत पोचली होती, म्हणून कंबर.

पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. पुढे सलाईनमधून औषध द्यायचं ठरलं. डॉक्टरांनी त्याच्या आईला, सुभद्राला, समोर बसवून सांगितलं, "तरुण माणसाचा हा आजार बरा होतो. पण औषध पूर्ण मिळालं पाहिजे आणि वेळेवर मिळालं पाहिजे. मध्ये खंड पडला की आजाराला दार उघडं." सुभद्रा तिथून सरळ आमच्या दुकानात आली आणि हेच वाक्य तिने माझ्यासमोर परत म्हटलं, शाळेतल्या पोरीसारखं. पूर्ण आणि वेळेवर. ते औषध नातेवाइकांनी बाहेरून आणून द्यायचं होतं, आणि मागवून देणारे आम्ही.

औषधाचं नाव सिस्प्लॅटिन. पाण्यासारखं, जरा पिवळसर झाक, काळ्या कागदात गुंडाळलेल्या छोट्या बाटल्या. त्यात प्लॅटिनम असतं, ऐकलंत ना, श्रीमंतांच्या अंगठ्यांतलं. मधोमध प्लॅटिनम, त्याला दोन अमोनिया आणि दोन क्लोरीन. अमोनिया म्हणजे गोठ्यात शिरल्यावर नाकाला झोंबतो तो, आणि क्लोरीन म्हणजे नळाच्या पाण्याला ज्याचा वास येतो तो. अशा तीन वस्तूंपासून माणूस वाचतो, ह्याचं मला आजही नवल वाटतं.

त्याचे नखरे मात्र पुष्कळ. उजेड चालत नाही. ॲल्युमिनियमची सुई चालत नाही, काळं पडतं. मिठाच्या सलाईनमध्येच द्यायचं. आणि फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. गारठ्याने ते पाण्यातून बाहेर पडतं आणि पिवळे कण होऊन तळाशी बसतं. प्रत्येक वेळी बाटल्या देताना मी सुभद्राला हे बजावायची आणि ती मान डोलवायची. दोन खेपा व्यवस्थित पार पडल्या. उमेशचे केस गेले, ओकून ओकून पोर अर्धं झालं, पण गाठी उतरत होत्या. तिसरी खेप मे महिन्यात आली.

शनिवारी सुभद्रा बाटल्या घेऊन हरमलला गेली आणि सोमवारी दुपारी ती पुन्हा दुकानाच्या पायरीवर उभी. बरोबर तिची मुलगी शेवंती. शेवंती हरमलच्या वाळूत परदेशी लोकांसाठी खाणावळ चालवायची, एरवी दहा माणसांना गप्प बसवील अशी. त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता. सुभद्राने पिशवी काउंटरवर ठेवली.

"बाय, ह्यां बघ गो काय झालां तां."

मी एक बाटली काळ्या कागदातून काढली. तळाशी पिवळे कण. हलवली तर वर उडाले आणि पुन्हा बसले. मी दुसरी बघितली, तिसरी बघितली.

"फ्रिजमध्ये ठेवलीत?"

"मी नाय ठेवलंय! मी पेटयेत, लुगड्यांच्या बुडाक ठेवलेलंय. ह्या चेडवान काढलां थंयसून." सुभद्राने मुलीकडे बोट केलं.

शेवंती रडायलाच लागली. "कितली गरमी ती, बाय! पत्रो तापलेलो. येवडां म्हारग वखद, भावाचा वखद, पेटयेत शिजतला असां दिसलां माका. म्हूण शॅकातल्या फ्रिजमदी ठेवलां. बियरचे बाटले भायर काढून जागो केलंय गो."

काय बोलणार? गोऱ्यांची बियर बाहेर काढून तिने भावाचं औषध आत ठेवलं होतं. ह्याहून जास्त माया कुणी काय करणार? इस्पितळात नर्सबाईने कण बघितले आणि बाटल्या परत केल्या. असं औषध टोचता येत नाही. वरचं पाणी काढून द्यावं तर त्यात औषध कमी. डॉक्टर म्हणाले, नवीन आणा, लवकर आणा. उमेश खाटेवर सलाईन लावून तयार पडला होता.

हे तोपर्यंत चपला घालून समोरच्या एसटीडी बूथवर गेलेसुद्धा. परत आले ते घाम पुसत. पणजीच्या एजंटाकडे माल नाही. मुंबईहून निघालेला, पण मालट्रकवाल्यांचा संप, माल वाटेत कुठेतरी अडकलेला. म्हापशात नाही, मडगावात नाही. "आता कोल्हापूर-बेळगाव बघतो," म्हणाले आणि पुन्हा गेले. सुभद्रा बाकावर बसली. तिच्या मांडीवर ती पिशवी. मी चहा ठेवला तो तिने घेतला नाही.

एवढ्यात जीप थांबली आणि बातमी कळून आलेले यशवंतमामा उतरले. मामा म्हणजे सुभद्राचे सख्खे भाऊ. डिचोलीजवळच्या एका खाणीच्या प्रयोगशाळेत खनिज तपासायचे. जहाजात भरण्याआधी खनिजात लोह किती टक्के ते मामांनी सांगायचं आणि ते सांगतील ते जपानपर्यंत चालायचं. माणूस हुशार, प्रेमळ, भाच्यावर जीव. मामांनी खिशातून रुमालात बांधलेली एक छोटी तपकिरी बाटली काढली आणि काउंटरवर ठेवली.

"भिऊ नको गो सुभद्रा. मी पहिल्या खेपेलाच मागवून ठेवलेलं. आमच्या लॅबला केमिकल पुरवतो त्याच्याकडून. वहिनी, बघा. प्लॅटिनम एक, अमोनिया दोन, क्लोरीन दोन. तुमच्या बाटलीवर जे लिहिलंय तेच. मला फक्त मिठाचं सलाईन आणि नळी द्या."

"आणि कोण देणार? इस्पितळात घेणार नाहीत हे."

"पेडण्याला आमचा कंपाउंडर आहे. घरी देईल. मी पोराला घेऊन येतो इस्पितळातून."

सुभद्रा बाकावरून उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं रक्त आलं. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या पोटातल्या खड्याचा धोंडा झाला. एक तर लॅबच्या बाटलीतली पूड शिरेत घालायची, ती माणसासाठी स्वच्छ केलेली नसते, एवढं मला ठाऊक होतं. पण मामा ते ऐकून घेईनात. "उकळून घेऊ, गाळून घेऊ," म्हणाले. "इकडे खंड पडला तर काय होईल ते डॉक्टरने सांगितलंय ना?" त्यांचंही चुकत नव्हतं. खंड पडत होता.

मी बाटली उचलली. आमच्या औषधाच्या नावाआधी असतो तसाच इथेही बारीक अक्षरात एक शब्द होता, पण तो वेगळा होता. आमच्याकडे सिस, इथे ट्रान्स. मी मामांना दाखवलं.

"कंपनीची नावं ती, वहिनी. आतला माल बघायचा. खनिज घ्या. ढेकूळ असो, भुकटी असो, तांबडं असो, काळं असो. आम्ही तपासतो, टक्के काढतो, जहाज भरतं. लोखंड ते लोखंड. तसं प्लॅटिनम ते प्लॅटिनम."

त्यांचं आयुष्य ह्यात गेलेलं, आणि त्यात ते कधी चुकले नव्हते. मी कोण त्यांना शिकवणार? मला फक्त भीती वाटत होती. आणि भीती दोन्हीकडून. ही बाटली दिली तर पोर मरेल, आणि नाही दिली, नि तीच बरोबर निघाली, तर माझ्या हट्टापायी मरेल. मी सलाईनच्या बाटल्यांसमोर जाऊन उभी राहिले, जणू मामा हिसकावून नेणार होते.

"मामा," मी म्हटलं, "कारापूरचे सर सांगतील ते मी ऐकीन. ते द्या म्हणाले तर सलाईन मी स्वतः घेऊन येते पेडण्याला."

कारापूरचे सर म्हणजे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आमच्याकडून ब्लडप्रेशरच्या गोळ्या नेणारे. मामाही त्यांना मानायचे. दुकान ह्यांच्यावर टाकून मी, सुभद्रा आणि मामा जीपमध्ये बसलो. शेवंतीला भावाजवळ इस्पितळात पाठवलं.

सर घरामागच्या कुळागरात, सुपारीच्या बागेत, पाटाचं पाणी वळवत होते. आमचे चेहरे बघून तसेच चिखलाच्या पायांनी वर आले. झालेलं सगळं सांगून मामांनी बाटली दिली. सरांनी चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचलं. त्यांनी ओसरीवरचा चौरंग ओढला.

"हे बघा. मधोमध प्लॅटिनम. चार कोपऱ्यांवर चौघं. दोन अमोनिया, दोन क्लोरीन. आता दोन्ही क्लोरीन शेजारच्या कोपऱ्यांवर बसवले तर ते सिस, म्हणजे खरं औषध. समोरासमोरच्या कोपऱ्यांवर, तिरके, बसवले तर ट्रान्स, ह्या बाटलीतलं. तराजूत घाला, फरक नाही. टक्के काढा, फरक नाही."

"मग फरक कसला?" मामांनी विचारलं.

"शरीरात गेल्यावर कळतो. पेशीच्या आत गेलं की क्लोरीन सुटतात आणि त्या जागी प्लॅटिनमचे हात मोकळे होतात. पेशीच्या पोटात वंशाची एक पिळलेली शिडी असते. दोन्ही हात शेजारी असले तर प्लॅटिनम त्या शिडीच्या शेजारच्या दोन पायऱ्या एकाच मुठीत धरतं. शिडी वाकते, पेशीला तिची नक्कल काढता येत नाही, पेशी मरते. गाठीतल्या पेशींना नक्कल काढायची भारी घाई, म्हणून त्या आधी मरतात. हात विरुद्ध दिशांना असले तर शेजारच्या दोन पायऱ्या अशा धरताच येत नाहीत."

सुभद्रा इतका वेळ जमिनीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे सर, कुर्लेक एक नांगी तोंडाकडे आनी एक ढुंगणाकडे, तशां? मग ती कुर्ली धरतली काय, कपाळ?"

तसला खेकडा डोळ्यांसमोर येऊन सर इतके हसले की त्यांना खोकला आला. "बाई, मी हे कॉलेजात तीस वर्षं शिकवलं, कुर्ली नाही सुचली कधी."

मामा हसले नाहीत. ते म्हणाले, "सर, तुम्ही सांगता ते पुस्तकातलं. माझा भाचा तिथे पडलाय. मला डोळ्यांनी दाखवा, मी आत्ता ही बाटली फेकतो. नाही दाखवता आलं, तर मी चाललो."

मला वाटलं सर रागावतील. सर म्हणाले, "बरोबर आहे. तुम्ही तपासणारे आहात, तुम्ही तपासा." आणि आत जाऊन कपाटातून पांढऱ्या पुडीची एक बाटली घेऊन आले. थायोयुरिया. मग सुभद्राकडे वळले. "ते खराब झालेलं औषध कुठे आहे?"

पिशवी तिच्या काखेतच होती.

तेव्हाच तिने तो प्रश्न विचारला, जो दुपारपासून तिच्या पोटात असणार. "सर, फ्रिजमदी ठेवल्यान तां उलटां झालां काय ओ? माझ्या शेवंतीन बऱ्याचां वायट केलां काय?"

"ते पण बघू," सर म्हणाले.

खाणीच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदाच गेले. सगळीकडे तांबडी धूळ, जनेलाच्या काचासुद्धा तांबड्या. सुट्टीची वेळ, आत कुणी नव्हतं. मामांनी हात धुतले, दोन काचेच्या नळ्या स्वतः घासल्या, पुन्हा धुतल्या. त्यांच्या हालचाली बघून कळत होतं की ह्या माणसाने आयुष्यभर हेच केलंय. एका नळीत फ्रिजमधल्या बाटलीतले पिवळे कण. दुसऱ्या नळीत तपकिरी बाटलीतली पूड. दोन्हीत पाणी, दोन्हीत सरांची पांढरी पूड. दोन्ही नळ्या गरम पाण्यात उभ्या केल्या.

सर म्हणाले, "हे दोघांनाही मिळतं, पण जागा बघून मिळतं. हात शेजारी असतील त्याच्या चारही कोपऱ्यांवर जाऊन बसतं आणि पाणी पिवळं होतं. समोरासमोर असतील त्याच्या फक्त दोनच जागा घेता येतात. ते रंग धरत नाही."

मग वाट बघणं. तुम्हाला सांगते, मी बाळंतपणाच्या खोलीबाहेर बसलेय, ऑपरेशनच्या दाराबाहेर बसलेय, पण त्या दोन नळ्यांकडे बघताना जसा श्वास अडकला तसा कुठे नाही. मला काय व्हायला हवं होतं तेसुद्धा मला ठरवता येईना. दोन्ही पिवळ्या झाल्या तर सलाईन घेऊन पेडण्याला जायचं कबूल केलेलं. वेगळ्या झाल्या तर पोराला द्यायला हातात काहीच नाही. सुभद्रा भिंतीला टेकून उभी होती आणि ओठांतल्या ओठांत देवीचं नाव घेत होती.

शेवंतीच्या कणांची नळी हळूहळू पिवळी होत गेली. आधी फिकी, मग हळदीच्या पाण्यासारखी गडद. दुसरी होती तशीच राहिली. मामांनी ती बाहेर काढली, उजेडाकडे धरली, पुन्हा गरम पाण्यात ठेवली. पुन्हा काढली. पाण्यासारखं पाणी. मग त्यांनी ती गार पाण्याच्या कोपात, म्हणजे पेल्यात, उभी केली, आणि थोड्या वेळाने त्यात बारीक पांढऱ्या सुया उतरायला लागल्या. टाचणीहून बारीक, सुंदर. मामा त्या सुयांकडे बघत राहिले.

"ही त्याच्या शिरेत घालणार होतो मी," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही.

सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग सुभद्राला म्हणाले, "तुझ्या मुलीचं औषध अजून चांगल्याच जातीचं आहे, बघितलंस ना? उलटं झालं नाही. नुसतं गारठून खाली बसलं. टोचायला चालणार नाही, पण तिने त्याचं विष केलेलं नाही, हे तिला जाऊन सांग."

सुभद्राने पदर तोंडात धरला. दिवसभरात ती तेव्हा पहिल्यांदा रडली.

परत दुकानावर आलो तर हे पायरीवर उभे. बेळगावच्या एका व्यापाऱ्याकडे औषध होतं. फोनवर ह्यांनी त्याला नाव तीनतीनदा वदवून घेतलं होतं, कंपनी विचारली होती, मुदत विचारली होती. पण पाठवणार कसं? मालट्रक बंद. मामा म्हणाले, "बस चालू आहे ना?" आणि घरी न जाता, कपडे न बदलता, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ते बसस्टँडवर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुभद्रा माझ्या बाकावर. प्रत्येक बस थांबली की ती उठायची, बघायची, बसायची. गिऱ्हाइकं येत होती, मी एकदा खोकल्याचं औषध मागणाऱ्याला टाचांच्या भेगांचं मलम दिलं, तो बिचारा परत घेऊन आला. दुपारची बस आली, त्यात मामा नव्हते. घाटात गाडी बंद पडलीय असं कुणीतरी म्हणालं. सुभद्रा मला म्हणाली, "बाय, खंड पडलो गो." मी म्हटलं, "अजून पडायचाय." म्हटलं खरं, पण माझ्या मनात तो कधीच पडला होता.

मामा उतरले ते एका टेंपोतून, भाज्यांच्या पाट्यांमध्ये बसून. छातीशी काळ्या कापडात गुंडाळलेलं गाठोडं. घाटात बस सोडून मिळेल त्या गाडीने आले होते. म्हणाले, "बसमध्ये शेजारचा मासेवाला म्हणत होता, औषध आहे तर बर्फाच्या पेटीत ठेवा. त्याला मारणारच होतो मी."

आम्ही सगळे तसेच इस्पितळात गेलो. नर्सबाईने बाटल्या घेतल्या. मामांना राहवेना, एक बाटली उचलून ते जनेलाकडे गेले आणि तळाशी कण आहेत का ते बघायला उन्हात धरली. नर्सबाई ओरडली, "ओ, उजेडात नका धरू! कुणी सांगितलं नाही तुम्हाला?" मामांनी मुकाट्याने बाटली परत दिली. उमेश खाटेवरून क्षीण हसला. "मामा, तू खाणीत जा रे बाबा." सलाईन सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या उशिराने बिघडत नाही, पण ह्याहून जास्त नको होतं. सुभद्रा खाटेच्या पायथ्याशी बसून नळीतला एकेक थेंब डोळ्यांनी खाली उतरवत होती.

पुढचीही खेप झाली. गाठी गेल्या, तपासण्या चांगल्या आल्या, आणि वर्षामागून वर्ष चांगल्याच येत राहिल्या. पण कुठलं औषध एका हाताने देतं आणि दुसऱ्याने काही घेत नाही? त्या औषधाने उमेशच्या कानांतलं काहीतरी नेलं. बारीक आवाज ऐकू येईनात आणि कानात एक शिट्टी बसली, दिवसरात्र वाजणारी. खनिजाच्या रस्त्यावर मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही तर काय होतं ते डिचोलीवाल्यांना सांगायला नको. त्याने गाडी सोडली. मला त्याचं फार वाईट वाटायचं. त्याला ट्रक चालवताना मी बघितलं होतं, एका हाताने, राजासारखा.

आता दुकान आम्ही कधीचंच दुसऱ्यांना दिलंय. गेल्या वर्षी पेडण्याला लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून हरमलला गेले. शेवंतीची खाणावळ आता मोठी झालीय. उमेश खुर्च्या मांडत होता, केस पांढरे, पोट सुटलेलं. मला बघून त्याने हाका मारून सगळ्यांना गोळा केलं. मग मला पार पाण्यापर्यंत घेऊन गेला आणि दोन खुर्च्या लाटांच्या तोंडाशी ठेवल्या. मी म्हटलं, "अरे, लुगडं भिजेल. मागे बसू की."

"मागे नको, बाय," तो म्हणाला. "मी रोज हंयच बसतंय. हंय दर्याचो आवाज इतको, की कानातली शिट्टी आयकाक येना. निवांत दिसतां."

मी चपला काढून हातात घेतल्या आणि त्याच्या शेजारी बसले.